तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं शेवटपर्यंत का बसत नाहीत?

युवा केंद्रात नाटकाचा प्रयोग किंवा सिनेमाचा खेळ ठेवणारे हमखास विचारतात: मुलं चुळबुळ करतात, मोबाइल काढतात, अर्ध्यातून उठून जातात, त्यांना गोडी लावायची कशी? गोडीचं नंतर बघू. आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि तिथून दिसतं का, ऐकू येतं का ते पाहा. मोठी माणसं न दिसणारं नाटकही भिडेखातर बघत राहतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलं तसं करत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

केंद्राचा हॉल बहुधा सपाट असतो. खुर्चीत बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असते आणि पुढच्याचं डोकं त्याहून थोडं वर. म्हणून पडद्याची खालची कड निदान १.५ मीटरवर घ्या. पडदा खाली बांधला की आधी सबटायटल्स जातात, कारण ती तळालाच असतात. मग मागची पोरं एकमेकांना ‘काय म्हणाला?’ विचारू लागतात आणि आपण त्यांना गप्प करत बसतो. खुर्च्याही एकामागे एक सरळ लावू नका, प्रत्येक रांग अर्धी खुर्ची सरकवा.

नाटकाला पडद्यासारखं वर टांगता येत नाही, तेव्हा प्रेक्षकांनाच चढतं बसवायचं. पहिल्या दोन रांगा चटईवर, तिसरी बुटक्या बाकांवर, मग दोन खुर्च्यांच्या, आणि त्यामागे ३०-४० सेंटिमीटर उंचीच्या लेव्हल्सवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर, खुर्च्या. लेव्हलच्या मागच्या कडेला लाकडी पट्टी ठोकाच. खुर्ची रेलली की मागचा पाय घसरतो. एवढं करूनही नट जमिनीवर बसला तर मागून दिसेनासा होतो. महत्त्वाचा प्रसंग खाली बसून असेल तर दिग्दर्शकाकडे एक पाट नाहीतर खोका मागा.

प्रोजेक्टरचा हिशेब सोपा आहे. ४ मीटर रुंद, १६:९ प्रमाणाच्या पडद्याचं क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होतं. पूर्ण अंधारात त्याला थिएटरइतकी झळाळी द्यायला साधारण १४०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. पण दिवा जुना होतो आणि खिडक्यांवरच्या पडद्यांच्या फटींतून उजेड येतो, म्हणून ३००० ते ४००० ल्युमेनचा घ्यावा. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून मात्र कितीही मोठा आणलात तरी निभावत नाही. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. उजेड नसणं हाच त्याचा काळा. रात्रीचा प्रसंग राखाडी दिसू लागला की मुलांचं लक्ष उडतं. फटी जाड काळ्या कापडाने बुजवा, पण बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे कधीच झाकू नका.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त खेळ तिथेच पडतात. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज रेंगाळला तर मागच्या भिंतीवर आणि बाजूंना जाड पडदे सोडा. प्रेक्षक आल्यावर घुमणं कमी होतं, पण भिंती उघड्या असतील तर पुरेसं नाही. अशा वेळी आवाज वाढवला की संवाद आणखी गढूळ होतात. स्पीकर स्टँडवर, डोक्यांच्या वर ठेवा. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर हॉलसाठी नसतोच.

तरुण नटांना सगळे ‘जोरात बोल’ सांगतात. त्याने मुलं ओरडतात, घसा बसतो आणि शब्द तरी कळत नाहीत. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नवखा नट नेमका तिथेच श्वास सोडतो. ‘मी त्याला पैसे दिले’ की ‘दिले नाहीत’, हे तिसऱ्या रांगेनंतर कोणालाच कळत नाही. तालमीत एकाला मागच्या भिंतीशी उभं करा आणि शेवटचा शब्द ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा. चार तालमींत फरक पडतो.

स्टेजचे दिवे आणि साउंड एकाच विजेच्या लाइनवर घेऊ नका. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर फिरवला की स्पीकरमध्ये घरघर येते. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे दगा देते, चित्र मध्येच जातं. लांब अंतराला ऑप्टिकल केबल घ्या किंवा लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा. लॅपटॉपचं झोपी जाणं आणि नोटिफिकेशन बंद करा. आवाज स्पीकरमधूनच येतोय ना, तेही बघा. फाइल तपासताना पहिली पाच मिनिटं बघून थांबू नका, मधला आणि शेवटचा भागही चालवा.

परवानगीचं थोडक्यात: घरी सिनेमे बघायला घेतलेल्या ऑनलाइन सेवेच्या वर्गणीत सार्वजनिक खेळाची मुभा नसते, तिकीट नसलं तरी. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या, नाटकासाठी लेखकाचीही.

खेळ संपल्यावर चर्चा ठेवायची असेल तर दिवे एकदम लावू नका, आधी निम्मे. ‘आवडलं का?’ विचारलंत तर ‘हो’ म्हणून मुलं मोकळी होतात. एखादा प्रसंग धरून विचारा: तिने दार उघडलं तेव्हा तो का हसला? सिनेमा असेल तर ती दोन मिनिटं पुन्हा लावता येतात, आधीच जागा शोधून ठेवा. नाटकात नटांना मेकअप उतरवायला सोडायच्या आत बाहेर बोलवा. दहा मिनिटं गेली की निम्मा हॉल रिकामा झालेला असतो.