बहात्तर तासांनंतर

इंग्लंडमध्ये गाईबैलांना क्षयरोग आहे की नाही, याचा निवाडा अजूनही मुख्यतः मानेवरच्या कातडीच्या घडीवर होतो. मानेवर दोन ठिकाणचे केस भादरायचे, दोन्ही ठिकाणी कातडी चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने मोजायची आणि लिहून ठेवायची. मग वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून व खालच्या जागी गाईच्या क्षयजंतूपासून तयार केलेले ट्यूबरक्युलिन प्रत्येकी ०.१ मिलिलिटर टोचायचे आणि बहात्तर तासांनी परत येऊन त्याच दोन जागा पुन्हा मोजायच्या. माती-पाण्यात याच कुळातले कितीतरी निरुपद्रवी जंतू असतात आणि त्यांच्या संपर्कानेही कातडीला सूज येऊ शकते, म्हणून वरची सूज वजा करून खालची पाहावी लागते. खालची सूज वरच्यापेक्षा चार मिलिमीटरहून अधिक भरली, तर ते जनावर बाधित धरले जाते आणि त्याची रवानगी कत्तलखान्यात होते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकाची पदवी घेऊन आणि इथे रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सची परीक्षा देऊन मी ग्लॉस्टरशर परगण्यात काम करू लागले, तेव्हापासून ही चाचणी माझ्या कामाचा मोठा भाग आहे. हा परगणा क्षयरोगाच्या दृष्टीने अतिजोखमीच्या पट्ट्यात मोडतो. इथल्या कळपांची चाचणी सर्वसाधारणपणे दर सहा महिन्यांनी होते आणि ॲनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सी या सरकारी यंत्रणेच्या वतीने ती आमच्यासारखे खासगी दवाखान्यांतले पशुवैद्यक करतात. ज्या प्रसंगाविषयी मी लिहीत आहे, तो २०२५ च्या शरद ऋतूतला आहे.

शेत डोंगरउतारावरचे, मध्यम आकाराचे होते. दूध नव्हे, तर मांसासाठी वासरे वाढवण्याचा व्यवसाय, सुमारे साठ गाई, त्यांची वासरे आणि एक वळू. शेतमालक साठीच्या पुढचे, मितभाषी गृहस्थ. जनावरांची सगळी कागदपत्रे त्यांच्या पत्नी सांभाळत. दीड वर्षाची अठरा जनावरे पंधरा दिवसांनी बाजारात विकायची ठरली होती, आणि त्या वर्षी ही विक्री नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाची होती. २०२५ चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला आणि पाठोपाठ आलेला उन्हाळा युनायटेड किंगडमच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण. गवताची दुसरी कापणी त्या उतारावर जवळजवळ झालीच नाही. हिवाळ्यासाठी साठवलेला चारा त्या अठरा जनावरांना वगळूनच मोजलेला होता.

या शेतावर एक तरुण मदतनीस होता. तो आधी शहरात एका कार्यालयात बसून काम करत असे आणि ‘क्लार्कसन्स फार्म’ ही मालिका पाहून त्याला शेतीची ओढ लागली होती. असे तरुण मला आता अधूनमधून भेटतात आणि मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. मोटारींवरच्या कार्यक्रमांमुळे घराघरांत पोहोचलेल्या जेरेमी क्लार्कसन यांनी ऑक्सफर्डशरमधल्या चॅडलिंग्टनजवळ २००८ मध्ये सुमारे हजार एकर जमीन घेतली. ती कसणारे गृहस्थ निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः शेती करण्याचे ठरवले आणि त्या धडपडीची मालिका जून २०२१ पासून लोक पाहू लागले. अवाढव्य ट्रॅक्टर, हट्टी मेंढ्या, क्लार्कसन यांना वारंवार सुनावणारा स्थानिक तरुण केलेब कूपर, हे सगळे प्रेक्षकांना आवडते. माझ्या मते मात्र त्या मालिकेतले सर्वांत मोलाचे पात्र म्हणजे कागद हातात घेऊन येणारे सल्लागार चार्ली आयर्लंड. पहिल्या वर्षाअखेर त्यांनी मांडलेल्या हिशोबात १४४ पौंड नफा निघाला, आणि त्या एका आकड्याने शहरी प्रेक्षकांना शेतीबद्दल जे कळले, ते अनेक लेखांनी आणि भाषणांनी कळले नव्हते. आपल्याकडे दूरदर्शनचे उत्पन्न आहे आणि शेजाऱ्यांकडे ते नाही, हे क्लार्कसन लपवत नाहीत, याचेही श्रेय त्यांना द्यायला हवे.

२०२३ च्या दुसऱ्या पर्वात त्यांनी गाई आणल्या आणि क्षयरोग व बॅजर (बिळात राहणारा एक रानटी प्राणी) यांचा प्रश्न मालिकेत आला. जुलै २०२५ च्या अखेरीस तर त्यांच्या स्वतःच्याच कळपात क्षयरोग निघाल्याचे त्यांनी जाहीर केले आणि बाधितांमध्ये जुळी वासरे पोटात असलेली गाय असल्याचेही सांगितले. आमच्या मदतनिसाने ती बातमी बारकाईने वाचली होती. इंजेक्शनच्या दिवशी तो लोखंडी खोड्याचे दार सांभाळत होता आणि प्रत्येक गाय आत आली की मला काहीतरी विचारत होता. दोनच जागा का, बहात्तरच तास का, बॅजरमुळे किती आणि गाईंमुळे गाईंना किती? प्रश्न चांगले होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सावधपणे दिले. बॅजर हा जंतू बाळगतात आणि पसरवतात, हे खरे असले, तरी विकत आणलेल्या जनावरांबरोबरही तो कळपात येतो, आणि एखाद्या विशिष्ट शेतावर तो नेमका कुठून आला, हे ठामपणे सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते.

तिसऱ्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा गाई आधीच वाड्यात कोंडलेल्या होत्या. वाचनाच्या दिवशी बोलणे कमी असते. गाय खोड्यात येते, मान अडकवली जाते, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक वाचला जातो, मी दोन्ही जागांवरून हात फिरवते, कातडी मोजते आणि सूज नसेल तर ‘ठीक’ एवढाच शब्द उच्चारते. शेतमालकांच्या पत्नी कागदावर खूण करतात आणि दार उघडते. तीसेक गाई अशा गेल्या. कळप निम्म्यावर आला, की कामाला एक लय येते आणि वाड्यातल्या माणसांचे खांदे सैल पडतात.

मग एक सहा वर्षांची लाल गाय आत आली. हात फिरवताच खालची जागा बोटांना लागली. मोजण्याआधीच कळते, तरी मोजावे लागते. पहिल्या दिवशी दोन्ही जागा सात मिलिमीटर होत्या. आता वरची आठ भरली आणि खालची पंधरा. कॅलिपर काढून मी पुन्हा लावला, कारण अशा वेळी एकदाच मोजून थांबू नये, असे मला वाटते. आकडे तेच आले. वरची वाढ एक, खालची आठ, फरक सात. शेतमालकांनी आकडा विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवून मान हलवली. नियमाप्रमाणे तिच्या कानात ऊतीचा नमुना घेणारा खास बिल्ला मारला, म्हणजे कत्तलखान्यात पोहोचणारी गाय तीच आहे याची खात्री करता येते, आणि तिला वेगळ्या गोठ्यात बांधले. तिच्या वासराचे दूध नुकतेच तोडलेले होते, एवढाच दिलासा.

दहाएक जनावरांनंतर एक कालवड आली. पहिलटकरीण, पाच महिन्यांची गाभण. पहिल्या दिवशी तिच्याही दोन्ही जागा सात. आता वरची नऊ, खालची बारा. वाढ दोन आणि पाच, फरक तीन. चारच्या आत असल्यामुळे नेहमीच्या मोजपट्टीने ती बाधित ठरत नव्हती, पण निर्दोषही ठरत नव्हती. अशा जनावरांना ‘अनिर्णित’ म्हणतात आणि ६० दिवसांनी त्यांची फेरचाचणी होते. मदतनिसाचा चेहरा उजळला. ही कालवड त्याच्या विशेष लोभाची होती, ती त्याच्या हाताला येत असे. मी त्याला लगेच सांगितले, की आज मी लिहिलेला निकाल नेहमीच्या निकषावरचा आहे. कळपात एक जनावर बाधित निघाले आहे, त्यामुळे एजन्सी हेच आकडे कडक निकषाने पुन्हा वाचेल, आणि त्या निकषात मर्यादा चार नसून दोन मिलिमीटर आहे. तो काही वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, की गाय तीच, सूज तीच, मग कागदावर रोगी आणि निरोगी यांची जागा कशी काय बदलते?

हा प्रश्न मला त्या दिवसातला सर्वांत खरा प्रश्न वाटला आणि त्याचे उत्तर मी खोड्याला टेकून सावकाश दिले. ही चाचणी रोग थेट पाहत नाही, जंतूला शरीराने दिलेला प्रतिसाद पाहते. मर्यादा वर ठेवली, तर निरोगी जनावरे सहसा मारली जात नाहीत, पण काही बाधित जनावरे निसटतात. मर्यादा खाली आणली, तर निसटणारी कमी होतात, पण त्यांच्याबरोबर एखादे निरोगी जनावरही जाण्याची शक्यता वाढते. कळपात रोग नसेल, तर तीन मिलिमीटरचा फरक फारसे काही सांगत नाही. शेजारच्याच गोठ्यात सात मिलिमीटरची गाय उभी असेल, तर तोच तीनचा आकडा वेगळे सांगतो. त्याला ते पटले की नाही, हे मला कळले नाही, पण त्याने पुढच्या गाईसाठी दार उघडले.

उरलेला कळप स्वच्छ निघाला. खरा फटका त्यानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसला, आणि पडद्यावर तो दाखवणे सर्वांत अवघड असावे, कारण तिथे घडत काहीच नाही. कळपाची रोगमुक्त मान्यता गेली आणि जनावरांच्या हालचालीवर बंदी आली. आता सलग दोन चाचण्या, तीही कडक निकषावर आणि किमान ६० दिवसांच्या अंतराने, निर्दोष आल्याशिवाय ही बंदी उठणार नव्हती, म्हणजे सगळे सुरळीत गेले तरी चार महिने. मारलेल्या जनावराची भरपाई सरकार देते. इंग्लंडमध्ये ती जनावराच्या प्रकारानुसार बाजारातल्या सरासरी भावांच्या तक्त्यावरून ठरते. जे जिवंत आहे आणि विकता येत नाही, त्याची भरपाई नाही. ती अठरा जनावरे ठरलेल्या बाजारात जाऊ शकत नव्हती. परवाना घेऊन सरळ कत्तलखान्यात पाठवणे, किंवा बंदीतल्या कळपांची जनावरे घेण्याची खास मान्यता असलेल्या गोठ्यांना विकणे, एवढेच मार्ग उरले होते. पहिल्यासाठी ती पुरेशी भरलेली नव्हती आणि दुसऱ्या मार्गात गिऱ्हाईक थोडे असल्याने भाव उतरतो. शेतमालकांच्या पत्नींनी वही काढून चाऱ्याचे गठ्ठे पुन्हा मोजले. अठरा जनावरे जानेवारीपर्यंत ठेवली, तर मार्चमध्ये गाईंना चारा विकत घ्यावा लागत होता.

मदतनीस दारात उभा राहून ऐकत होता. मालिकेत हे पाहिले होते का, असे मी त्याला विचारले. गाय जाताना पाहून आपल्याला रडू आले होते, असे तो म्हणाला. पण मागे राहिलेल्या जनावरांचा चारा हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. यात मालिकेचा दोष आहे, असे मला वाटत नाही. तिने या मुलाला त्या दारापर्यंत आणून उभे केले होते, आणि तिथून पुढचे शिकायला तो तयार होता.

दोन दिवसांनी एजन्सीचे पत्र आले आणि कडक निकषावर ती कालवड बाधित ठरली. दोन्ही जनावरे एकाच गाडीतून गेली. कत्तलखान्यातल्या तपासणीत लाल गाईच्या छातीतल्या लसिकाग्रंथींमध्ये क्षयाच्या गाठी आढळल्या. कालवडीत डोळ्यांना दिसेल असे काही नव्हते. मदतनिसाने मला दूरध्वनी करून थेट विचारले, की मग ती विनाकारण गेली का? मी त्याला जे खरे आहे तेच सांगितले. गाठी दिसल्या नाहीत, म्हणजे जंतू नव्हता, असे होत नाही. लागण नवी असेल तर गाठी बनलेल्या नसतात किंवा इतक्या बारीक असतात, की वेगाने चालणाऱ्या तपासणीत सापडत नाहीत. तिच्याबाबतीत नक्की काय होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. असे उत्तर देणे मला अजूनही जड जाते, पण खोटा दिलासा किंवा खोटी खात्री यांपैकी काहीही देणे त्याहून वाईट.

ती अठरा जनावरे अखेर मान्यताप्राप्त गोठ्याला उतरत्या भावात विकली, कारण चारा वाचवणे अधिक गरजेचे होते. पुढच्या चाचणीचा दिवस ठरवताना शेतमालकांनी माझ्याकडे एक मागणी केली. यापुढे नुसते ‘ठीक’ न म्हणता, एक मिलिमीटर का असेना, खालची सूज वरच्यापेक्षा जास्त भरली की प्रत्येक गाईचा फरक मोठ्याने सांगावा. अशा गाईंची वेगळी यादी ते ठेवणार होते आणि वय झालेल्या गाई दरवर्षी काढतात, तेव्हा आधी त्या यादीतल्या काढणार होते. नियमात असे करण्याची सक्ती नाही, पण कळपाच्या दृष्टीने विचार शहाणपणाचा होता, म्हणून मी होकार दिला, आणि ती यादी लिहिण्याचे काम त्यांनी मदतनिसाकडे सोपवले.