छातीवरचं ठिगळ

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

आज दुकानात दिवसभर हॉकीच्याच जर्सी. हॉकी म्हणजे बर्फावरची. इथे कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की तीच. मिसिसॉगात आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी कुणाजवळ तरी ध्यानचंदांचं नाव काढलं होतं, तर समोरचा माणूस मी हवामानाबद्दल काही बोलतेय अशा चेहऱ्याने मान हलवत राहिला.

आठ जर्सी आल्या, त्यातल्या पाच टोरंटोच्या मेपल लीफ्स संघाच्या, छातीवर मेपलचं पान. टोरंटोच्या शेजारी राहून दुसरं काय येणार! कुणाच्या छातीवरच्या पानाचा काठ उसवलाय, कुणाला पाठीवरचं नाव बदलून हवंय, कारण त्या खेळाडूला संघाने सोडून दिलं. नाव उसवायला सोपं. पान नाही. हे 2016 सालापासूनचं नवं पान एकतीस टोकांचं आहे. एकतीस बाहेरची टोकं म्हणजे मधल्या खाचाही जवळजवळ तेवढ्याच. प्रत्येक ठिकाणी सुई कापडात रोवायची, मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली. पाच जर्सींच्या हिशेबाने आज मी तीनशे वेळा तरी पाय उचलला. संध्याकाळी उजवा गुडघा बोलायला लागला.

एकतीस का, तर 1931 साली त्यांचं मेपल लीफ गार्डन्स हे मैदान उघडलं म्हणून. पानावर सतरा शिरा, कारण क्लबचा जन्म 1917 चा. त्यातल्या वरच्या तेरा शिरा म्हणजे जिंकलेले तेरा स्टॅनली कप, इथल्या हॉकीचा सगळ्यात मोठा चषक. हे सगळं मला पलीकडच्या मशीनवरच्या मुलाने सांगितलं, अगदी भक्तिभावाने. मी विचारलं, तेरावा कधीचा? तो म्हणाला, 1967. म्हणजे निदान चौदावी शीर शिवायचं काम तरी माझ्या वाट्याला आलेलं नाही. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं असतं तर सोमवारी चहा एकटीला प्यावा लागला असता.

जुनं पान अकराच टोकांचं होतं. शिवणारीला विचाराल तर तेच बरं. अर्थ भरायचा म्हणून किती भरायचा? पाहुण्याच्या ताटात सगळंच वाढायचं तसं झालंय. शिरा मोजल्याशिवाय जो अर्थ कळत नाही, तो दहा हात लांबून कुणाला दिसणार?

मिरजेला बाबांच्या दुकानात लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवायला यायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर बँडचं नाव. बाबा कारागिराला सांगायचे, अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे, वरातीत कोण जवळ येऊन वाचतंय? त्यांनी आयुष्यात बर्फाचं मैदान पाहिलं नाही, पण मला वाटतं या बोधचिन्हांचा निवाडा त्यांना बरोबर करता आला असता.

आठवी जर्सी मात्र वेगळी निघाली. एक वयस्क गृहस्थ घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, लग्नातला शालू ठेवावा तशी. हार्टफर्ड व्हेलर्स. पांढरी, बगलेत पिवळी पडलेली, चिन्हाची डावी बाजू सुटून लोंबतेय. तरुणपणी हार्टफर्डला नोकरीला होते म्हणे. मी म्हटलं, गुरुवारी देते.

उद्या उसवते.

शनिवार

उसवलं. आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

चिन्ह तसं साधं. खाली हिरवा डब्ल्यू, व्हेलर्सचा. वर निळी देवमाशाची शेपटी, पाण्याबाहेर आलेली. दोन्हींच्या मध्ये जी पांढरी जागा उरते, तिचा एच होतो. हार्टफर्डचा एच. मी हे चिन्ह यापूर्वीही पाहिलं असेल, पण एच कधी दिसला नव्हता. आज हातात तुकडे धरले तेव्हा लक्षात आलं, की एचचा तुकडाच नाही. तो कुणी कापलेला नाही, शिवलेला नाही. हिरवा आणि निळा आपापल्या जागी नीट बसले की तो आपोआप होतो. आणि एक टाका इकडेतिकडे गेला तर तो नाहीसा होणार, म्हणून दोन्ही काठांना कच्चे टाके घालून, टाचण्या लावून, मग झिगझॅग मारली. चौदा वर्षं हे काम करतेय, पण मोकळ्या जागेची एवढी काळजी पहिल्यांदाच घेतली.

पीटर गुड नावाच्या चित्रकाराचं हे काम, 1979 सालचं. त्याच वर्षी हा संघ एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आला. अठरा वर्षांनी, 1997 मध्ये, संघ हार्टफर्ड सोडून नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि त्याचा कॅरोलायना हरिकेन्स झाला. शेपटी गेली, लाल-काळा भोवरा आला. त्या भोवऱ्याला लोक संडासातलं पाणी म्हणतात. मी नाही म्हणत, पण एकदा ऐकलं की दुसरं काही दिसत नाही. गंमत म्हणजे 2018 पासून हेच हरिकेन्स अधूनमधून व्हेलर्सची जुनी जर्सी घालून खेळतात. माहेरचं आडनाव सणावारी लावावं तसं.

घरी येऊन चिरंजीवांना विचारलं, सगळ्यात भारी लोगो कुणाचा? वय वर्षं बारा. मोबाइलवरून मान वर न करता, “सिएटल क्रॅकन, आई. ऑब्व्हियसली.”

“आणि हार्टफर्ड?”

“ती टीम आहे कुठे?”

त्यावरून जे सुरू झालं ते जेवण होईपर्यंत. शेवटी ठरलं, उद्या बत्तीसच्या बत्तीस संघांचा क्रम लावायचा, त्याचा एक कागद, माझा एक. बंद पडलेले संघ घ्यायचे की नाही यावर तह झाला: प्रत्येकाला एक.

रविवार

बाहेर बर्फ, उणे चौदा. ह्यांनी फोडणीचा भात केला आणि आम्हा दोघांना टेबलावरून उठू दिलं नाही, वाद ऐकायला मजा येतेय म्हणाले.

बत्तीस काही झाले नाहीत. बारा-तेरावर मी दमले. तरी लिहून ठेवते.

माझा पहिला व्हेलर्स, ते कालच ठरलं होतं. दुसरा डेट्रॉइट रेड विंग्ज. पंख लावलेलं मोटारीचं चाक. गावाची ओळख मोटारींची, तेव्हा चाक असणारच, इतकं मलाही कळत होतं. पण पंख कुठून आले ते नव्यानेच कळलं. 1932 साली जेम्स नॉरिस यांनी हा संघ विकत घेतला. ते स्वतः आधी मॉन्ट्रियलच्या एमएएए क्लबचे खेळाडू, आणि त्या क्लबचं चिन्ह पंख असलेलं चाक. पहिला स्टॅनली कप, 1893 चा, त्याच क्लबने जिंकलेला. म्हणजे नॉरिस यांनी आपल्या जुन्या क्लबची खूण उचलली आणि ती मोटारींच्या गावाला अशी चपखल बसली, की तिथेच जन्मल्यासारखी वाटते. दोन रंग, लाल आणि पांढरा. शिवताना पिसांचा त्रास होतो, पण रस्त्याच्या पलीकडून काय, मैदानाच्या वरच्या रांगेतून वाचता येतं. आणि हा एक धागा मला फार आवडला: गॉर्डी हाउ डेट्रॉइटसाठी पंचवीस हंगाम खेळले, आणि 1979-80 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, हार्टफर्डची ती शेपटी छातीवर घेऊन सगळेच्या सगळे ऐंशी सामने खेळले. माझे पहिले दोन नंबर एकाच माणसाच्या अंगावर.

तिसरा सेंट लुइस ब्लूज. संगीतातला एक स्वर, त्याला पंखासारखा झोक. लांबच लांब वळण, पायडलवरून पाय काढावा लागत नाही. याला शिवणारीचा पक्षपात म्हणा.

चिरंजीवांचा क्रॅकन मी सहाव्यावर ठेवला, त्यावर आरडाओरड झाली. 2021 मध्ये आलेला संघ, गडद निळा एस, त्यात गुंडाळत वर येणारा राक्षसी समुद्रजीवाचा पाय आणि एकच लाल डोळा. डोळा छानच आहे, नाही म्हणत नाही. तो म्हणाला, “आई, तू जुनं आहे म्हणून जुन्याला मार्क देतेस.” थोडं खरं असावं. मग त्याने माझ्यापुढे वॉशिंग्टनचा गरुड ठेवला, त्यांचं दुय्यम चिन्ह, आणि म्हणाला, आता यात शोध. पंख पसरलेला गरुड, डब्ल्यूच्या आकारात. पाच मिनिटं शोधत होते. गरुडाच्या पोटाखाली, मोकळ्या जागेत, कॅपिटॉलचा, म्हणजे तिथल्या संसदेचा घुमट! हे 2007 सालचं. म्हणजे नव्यांनाही जमतं. मी चौथा नंबर दिला, तो म्हणाला दुय्यम चिन्ह मोजायचं नाही, ह्यांनी माझ्या बाजूने निकाल दिला.

मिनेसोटाचंही तसंच. एका जंगली जनावराचं डोकं, त्याच्या आतच जंगल, नदी म्हणजे तोंड, डोळा म्हणजे ध्रुवतारा. जनावर कुठलं हे नक्की सांगता येत नाही, अस्वल म्हणा, मांजर म्हणा. चिरंजीवांचा हा दुसरा नंबर, माझा सातवा. त्यातले रंग मोजायला लागले की दोऱ्याची रिळं आठवतात आणि जीव दडपतो.

मॉन्ट्रियलच्या सीएचवर फार वाद नाही. सीच्या पोटात एच. एच म्हणजे ‘हॅबिटंट’, तिथला जुना फ्रेंच शेतकरी, असं आमच्या दुकानात निदान तिघांनी मला सांगितलंय, म्हणून त्यांना हॅब्ज म्हणतात. प्रत्यक्षात एच हॉकीचाच: क्लब द हॉकी कनाडियन. 1917 पूर्वी त्या जागी ए होता, अॅथलेटिकचा. पाचवा नंबर. बोस्टनचा आरे असलेला बी आठवा. बोस्टनवाले आपल्या गावाला ‘हब’ म्हणतात, चाकाचा तुंबा, म्हणून बीभोवती चाकाचे आरे. गावाचा गर्व बघा! पण आमच्या पुण्याला हे सांगायची सोय नाही.

तळाला कोण, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. न्यूयॉर्क आयलंडर्सचा 1995 चा कोळी. टोपी, दाढी, हातात हॉकीची काठी. दुकानातल्या गोठवलेल्या माशांच्या खोक्यावरच्या म्हाताऱ्यासारखा दिसायचा म्हणून रेंजर्स या प्रतिस्पर्धी संघाचे प्रेक्षक “आम्हाला फिश स्टिक्स हव्यात” म्हणून ओरडायचे. दोन हंगामांत गुंडाळला. बफेलोची 2006 ची पिवळी गोगलगाय त्याच्या वर. ती गोगलगाय नाही, बायसन आहे. पण हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं हीच तर तक्रार.

वॅनकूव्हरचं काय करायचं ते कळलं नाही. 1970 पासून काठी झाली, रंगीबेरंगी भलामोठा व्ही झाला, उडता स्केट झाला, 1997 पासून देवमासा. चिन्हं बदलली, कप काही आला नाही. भाड्याच्या घरात दर वर्षी पडदे बदलणारी माणसं असतात तसं.

आणि मग तो म्हणाला, “ब्लॅकहॉक्स कुठे टाकलास?”

टाकलाच नव्हता. दुकानात ती जर्सी येते. शिवणकाम म्हणून बघितलं तर सगळ्यात देखणं काम तेच. पिसांचे चार-पाच रंग, गालावरचे पट्टे, काठ इतके बारीक की डोळे ताणावे लागतात. शिकागोचा संघ 1926 चा. मालक मॅक्लॉक्लिन पहिल्या महायुद्धात सैन्याच्या ज्या डिव्हिजनमध्ये होते तिचं नाव ब्लॅकहॉक, आणि डिव्हिजनला नाव दिलं ते सॉक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या नेत्यावरून, जो आपल्या जमिनीसाठी 1832 मध्ये अमेरिकेशी लढला आणि हरला. हरवणाऱ्यांनीच मग त्याचं नाव सैन्याला दिलं, तिथून खेळाला, आणि छातीवर एक चेहरा आला.

एकदा त्या चेहऱ्यावरचा टाका सुटला होता. नाकाजवळ सुई घालताना हात थांबला. मशीनखाली चेहरा ठेवायला मला नाही आवडत. खेळाडूही मानतात म्हणा. कपडे बदलायच्या खोलीत गालिच्यावर संघाचं चिन्ह असतं, त्यावर कुणी पाय ठेवत नाही, शिकागोतच नव्हे, कितीतरी संघांत. चुकून पाय पडला की ओरडा. हे ऐकलं तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. पुस्तकाला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो, तसंच की. पण ज्याचा चेहरा आहे त्याच्या माणसांना न विचारता तो मान द्यायचा, याला मान म्हणायचं का? वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने मूळ रहिवाशांवरून घेतलेलं नाव 2020 मध्ये सोडलं, क्लीव्हलँडच्या बेसबॉलवाल्यांनीही नंतर सोडलं. शिकागोने नाही.

मुलाला म्हटलं, हा मी क्रमात घेत नाही. तो म्हणाला, “पण दिसतो भारी.” मी म्हटलं, दिसतो. त्याने स्वतःच्या कागदावर नवव्या नंबरवर लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. मी काही बोलले नाही.

गुरुवार, दुकानातून आल्यावर

गृहस्थ अकराला आले. मी जर्सी उलटी करून टाके दाखवणार होते. बाबांची सवय, गिऱ्हाइकाला आधी उलटी बाजू दाखवायची. त्यांनी बघितलंच नाही. कोट काढला, तिथेच काउंटरपाशी शर्टवरून जर्सी चढवली. हात गेले, डोकं गेलं, आणि पोटावर येऊन अडली. खालून ओढली, तशी शेपटी ताणली गेली आणि मधला एच चांगला ऐसपैस झाला.

“बाजूने दोन इंच सैल होईल का?” त्यांनी विचारलं.

आत बघितलं. माया अर्धा इंचसुद्धा नव्हती. म्हटलं, बगलेपासून खाली पट्टी घालावी लागेल, आणि असं पिवळट पांढरं कापड शोधावं लागेल.

“हिरवं चालेल,” ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी बोलावलंय.