तळ्यातला ठिपका

मे महिन्यातली सकाळ. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मायलेक आले. आईनं आधी स्वतःचाच फोन पुढे केला. लोकेशन शेअरिंगमध्ये मुलाचा ठिपका रात्री 2 वाजता सिद्धेश्वर तळ्याच्या मधोमध दिसत होता. "ओ दादा, धावत जाऊन बघितलं तर हा अंथरुणात झोपलेला की!" घर तळ्याच्या काठाजवळच. माउलीचा आवाज अजून कापत होता.

मुलगा चालत खेळायचा गेम खेळतो. 2016 साली आलेल्या पोकेमॉन गोनं ही तऱ्हा घरोघरी नेली. नकाशा आपल्याच गावाचा. आपण चाललो की गेममधलं पात्र चालतं, ठरावीक किलोमीटर भरले की अंडं फुटतं. याचं पात्र काही दिवसांपासून रात्री आपोआप फिरायचं, सकाळपर्यंत 2-3 किलोमीटर व्हायचे. अंतर फुकट मिळतंय म्हणून तो गेम उघडा ठेवून, फोन चार्जिंगला लावून झोपायचा.

ठिपका थोडाफार हलणं नवीन नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवर, त्यांचा सिग्नल अतिशय क्षीण. स्लॅबच्या घरात तो भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं पोचतो आणि फोन आपली जागा चुकवतो. मोठी उडी वेगात बसत नाही म्हणून गेम ती सोडून देतो. बारीक सरकणं मात्र चालणं म्हणून मोजतो. पण घर सोडून थेट तळ्याच्या मध्यावर? नुसत्या स्लॅबचं हे काम वाटेना.

फोन रस्त्यावर मोकळ्या आभाळाखाली धरला, उपग्रह दाखवणारं ॲप लावलं. चांगल्या फोनला अशा जागी 35 ते 45 डेसिबल-हर्ट्झ (सिग्नलची ताकद मोजायचं माप) मिळतात. इथं एकही उपग्रह 22 च्या वर जाईना. जाड रबरी कव्हर काढलं तेव्हा कारण दिसलं. मागचं पॅनेल एका कडेनं उचललेलं, आत बॅटरी फुगलेली.

अँटेना फ्रेममध्ये असते, बोर्डावरच्या बारीक स्प्रिंग-पत्त्या तिला टेकलेल्या असतात. बॅटरीनं फ्रेम वर ढकलली, पत्त्या सुटल्या. आणि बॅटरी फुगली ती या गेमपायीच. दिवसा चाळिशीपार उन्हात, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस आणि कॅमेरा चालू, वर पॉवर बँक जोडलेली. रात्री पुन्हा गेम चालू ठेवून चार्जिंग. तापलेल्या लिथियम सेलला चार्ज देत राहिलं की आत वायू धरतो.

फुगलेल्या बॅटरीला हॉट एअर, म्हणजे डिंक सैल करायची गरम हवा, कधीच मारायची नाही. चार्ज 25 टक्क्यांखाली आणला, फोन बंद केला, कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले. 5 मिनिटांनी डिंक सैल झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीनं सावकाश सुटली. धातूचा चिमटा इथं घातला आणि सेलला भोक पडलं तर आग लागू शकते. काढलेली बॅटरी वाळूच्या डब्यात टाकली. पत्त्या ब्रशनं पुसल्या, दबलेल्या दोन हलक्या हातानं वर केल्या, नवी बॅटरी बसवून फ्रेमचे सगळे स्क्रू आवळले. एखादा स्क्रू राहिला तरी पत्ती पुन्हा सुटते.

बाहेर 3 मिनिटं धरल्यावर सिग्नल 38 वर गेला, अचूकता 4 मीटर. आईच्या फोनवर ठिपका दुकानासमोर येऊन थांबला. मुलाला सांगितलं, रात्री गेम बंद. उन्हात कव्हर काढायचं. पॉवर बँक लावायची तर सावलीत बसून, फोन निवल्यावर. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "मग रात्रीचे किलोमीटर?"

"आता चालावं लागणार."

आईनं दुकानातच पुन्हा एकदा ठिपका उघडून बघितला.