अ‍ॅम्बॅसेडरचं आयडलिंग आणि टायमिंग: कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी अ‍ॅम्बॅसेडर, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, म्हणजे मूळचं बीएमसीचं बी-सिरीज. तक्रार अशी की इंजिन गरम झालं की सिग्नलला गिअर लिव्हर हातात नाचायचा, आणि सायलेन्सरमधून चार-पाच ठोक्यांनंतर एक ‘फट्’ यायचा. रेस दिली की सगळं सुरळीत. ही मिसिंग (मधला एखादा ठोका चुकणं) लपवायला कुणीतरी आयडलचा, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाच्या वेगाचा, स्क्रू आवळत आवळत इंजिन 1100 आरपीएमवर नेऊन ठेवलं होतं आणि त्यावर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडण्याची वेळ, बसवलं होतं. माझा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीने खाल्ला, म्हणून आधी तेच सांगतो.

डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी कार्बोरेटरला जिथे जोडलेली असते, ते भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असतं. पाकळी पूर्ण मिटलेली असताना भोक तिच्या वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे आयडलला डायफ्रामपर्यंत (ठिणगी लवकर पाडणाऱ्या पडद्यापर्यंत) ओढ पोचत नाही. आयडलचा स्क्रू फार आवळला की पाकळी उघडून भोक खालच्या बाजूला येतं, आणि आयडललाच अ‍ॅडव्हान्स चालू होतो. वर 1100 आरपीएमला डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी वजनंही फाकायला लागलेली असतात. अशा स्थितीत पुलीवरची खाच ‘बरोबर’ जागी आणली, तर मूळ टायमिंग प्रत्यक्षात मागे गेलेलं असतं. मागे गेलेल्या टायमिंगने आयडल आणखी पडतं, मग स्क्रू आणखी आवळला जातो. हे चक्र तोडायचं तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, स्क्रू मागे घ्यायचा आणि इंजिन कसंबसं चालत असेल तरी 600 च्या आसपास आणायचं. खरा दोष तिथे दिसतो.

तिथे मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर हवेत लटकत ठेवायची नाही, इंजिनला टेकवायची, नाहीतर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर ताण येतो. एक आणि दोन नंबरची काढली तर इंजिन लगेच बसायला लागलं. तीन आणि चारची काढली तर जेमतेम फरक. प्लग काढले तर एक-दोन बदामी, तीन-चार पांढुरके. या इंजिनात हेडला इनलेटची फक्त दोन भोकं आहेत. पुढचं एक-दोनला, मागचं तीन-चारला. जोडीने दोन सिलिंडर कमजोर असले तर संशय करंटवर घ्यायचा नाही, मागच्या भोकापाशी इंजिन हवा ओढतंय का ते बघायचं.

इनलेटमधली ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजवर 12 इंच (पाऱ्याचे) दिसत होतं आणि काटा हळूहळू डुलत होता. पुस्तकांत निरोगी इंजिनाला 17 ते 21 इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे पुण्यात 15-16 इंचांना घाबरायचं कारण नाही. 12 मात्र कमीच.

गळती शोधायला कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. या इंजिनावर ते करू नका. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आहेत. तापलेल्या एक्झॉस्टवर फवारा उडाला की आग. मी स्प्रे बाटलीत साधं पाणी घेऊन गॅस्केटच्या कडेने थोडं थोडं मारलं. मागच्या टोकाला पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला आणि पाणी आत ओढलं गेलं.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर कारण दिसलं. काही स्टडवरचा जाड वॉशर अर्धा इनलेटच्या फ्लॅंजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लॅंजवर दाबतो. दोन्ही फ्लॅंज सारख्या जाडीच्या नसल्या तर वॉशर तिरका बसतो आणि पातळ बाजू सैल राहते. इथे मागच्या वॉशरची एकच कड घासून चकाकत होती, दुसरी काळी. नट कितीही आवळला तरी ही फट मिटत नाही. जाड फ्लॅंज तासून दोन्ही सारख्या केल्या, नवीन गॅस्केट टाकलं, नट मधून बाहेर अशा क्रमाने साधारण 20 न्यूटन-मीटरला आवळले, आणि इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा तपासले. तीन-चार नंबर जागे झाले.

तरी इंजिन एकसारखं लागत नव्हतं, आणि इथून टायमिंगचा भाग सुरू होतो. त्याआधी थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) 15 थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बसवून घेतले. पुढून मोजलं तर नवाची बेरीज लक्षात ठेवायची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला बसवायचा, सहावा उघडा असताना तिसरा. 1, 4, 5, 8 एक्झॉस्ट, बाकी इनलेट. दोन एक्झॉस्ट फार टाइट होते. गरम झाल्यावर असा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आयडलला कम्प्रेशन गळतं.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघड-मीट करून ठिणगी पाडणारी टोकं. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला असतो. फीलर गेज टेकाडावर घासतो, त्यामुळे मोजलेली फट खऱ्या फटीपेक्षा कमी भरते. अशा पॉइंटवर 15 थाऊ बसवलेत म्हणजे प्रत्यक्षात जास्त बसवलेत. नवीन पॉइंट घातले, त्यांच्यावरचा संरक्षक थर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, कॅमवर जेमतेम ग्रीस लावलं आणि फट 15 थाऊ ठेवली. खात्री ड्वेल मीटरने (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणाऱ्या) केली: या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला 60 अंश, तीन इकडे-तिकडे चालतात. ड्वेल एक अंश बदलला की टायमिंगही सुमारे एक अंश सरकतं, म्हणून पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा करावं लागेल. नवीन पॉइंटची टाच पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे जातं. तेव्हा परत बघायचं.

टायमिंग लाइट मारला तर पुलीवरची खाच जागेवर थांबेना, चार-पाच अंशांत थरथरत होती. रोटर (कॅपखाली फिरणारं टोक) काढून शाफ्ट आडवा हलवला तर हाताला ढिलाई जाणवली. बुश (शाफ्टला धरणारी नळी) गेला होता. ढिला शाफ्ट प्रत्येक कॅमला पॉइंट वेगळे उघडतो, म्हणजे चार सिलिंडरला चार वेगळी टायमिंग. हे स्क्रूने कधीच बसत नाही. ब्रॉन्झचा नवीन बुश एक दिवस इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवला, मगच दाबून बसवला; कोरडा बसवला तर लवकर जातो. डिस्ट्रिब्युटर उघडलाच होता म्हणून बेस प्लेटची छोटी अर्थिंग वायर बोटाने वाकवून पाहिली. वरचं कापडी आवरण शाबूत, पण आतल्या तारा एका जागी तुटलेल्या. प्लेट सरकली की मिसिंग, थांबली की गायब. अशी वायर नुसती बघून कळत नाही, वाकवूनच बघायची. व्हॅक्यूम डायफ्राम तोंडाने ओढून जिभेने नळी बंद केली: प्लेट सरकून तिथेच थांबली, म्हणजे तो चांगला.

आता स्थिर टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून बसवायचं. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि पुढच्या हँडलने इंजिन फिरवलं. अंगठा ढकलला जाऊ लागला की कम्प्रेशन स्ट्रोक. टायमिंग कव्हरखाली तीन टोकं आहेत: सगळ्यात लांब टीडीसी (पिस्टन सर्वांत वर), मग त्याआधीचे पाच आणि दहा अंश. मी पाच अंशांपासून सुरुवात करतो. खाच पुढे निघून गेली तर जेमतेम मागे घेऊन चालत नाही. पाव फेरा मागे नेऊन पुन्हा पुढच्या दिशेने आणायची, नाहीतर चेनची ढिलाई मोजमापात येते. कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्पची एक तार, दुसरी अर्थला, स्विच ऑन. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून क्लॅम्प सैल करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट घेतली, मग अगदी हळू घड्याळाच्या दिशेने. दिवा पेटला त्या क्षणी थांबून आवळलं. कॅपमधल्या वायरींचा क्रम रोटरच्या दिशेने 1-3-4-2. नळी बंदच ठेवून 600 आरपीएमला लाइट मारला, खाच आता एका जागी उभी होती.

कार्बोरेटर मग. सोलेक्सचा मिक्श्चर स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर. जोरात आवळला तर टोकाला कडा पडते आणि स्क्रू कायमचा बिघडतो. गरम इंजिनावर व्हॅक्यूम सर्वांत जास्त येईल तिथे ठेवला, आयडल 650 ला आणलं. हल्लीच्या ई-20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये इथेनॉलबरोबर ऑक्सिजन येतो, त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. म्हणून हा स्क्रू पूर्वीपेक्षा पाव फेरा बाहेर लागला. पायलट जेट काढून हवेने साफ केला, तार घातली नाही, तारेने भोक मोठं होतं. गेजवर 16 इंच आले, काटा स्थिर.

नळी जोडून गाडी जुन्या कात्रज घाटात नेली. टॉप गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक आवाज आला, म्हणजे टायमिंग थोडं पुढे होतं. या डिस्ट्रिब्युटरवर वर्नियरची छोटी चकती आहे, तिच्या 11 टिचक्या म्हणजे एक अंश. ‘आर’च्या (टायमिंग मागे नेणाऱ्या) बाजूला 22 टिचक्या दिल्या. त्याच चढावर आवाज गेला आणि खाली सिग्नलला लिव्हर हलला नाही.