ग्रॅमी दुपारी असते

ग्रॅमी म्हणजे अमेरिकेतली संगीताची पारितोषिकं. तुमच्याकडे सोमवारी सकाळी बातम्यांत जी ग्रॅमी दिसते ती ग्रॅमीची संध्याकाळ. लाल गालिचा, जमिनीवर लोळणारे गाऊन, टेलर स्विफ्टच्या टेबलावर कोण बसलंय याची चर्चा. पण साडेतीन तासांच्या त्या कार्यक्रमात पारितोषिकं दिली जातात जेमतेम नऊ-दहा. २०२४ साली एकूण विभाग होते ९४. म्हणजे ऐंशीहून जास्त विजेते त्याच दिवशी दुपारी, रस्त्यापलीकडच्या पीकॉक थिएटरमध्ये जाहीर होऊन मोकळे झालेले असतात. आपल्याकडे मुहूर्तावर घरची माणसं आणि संध्याकाळी रिसेप्शनला सगळं गाव, तसला प्रकार. अक्षता दुपारीच पडतात.

लॉस एंजेलिसला राहायला आल्यापासून माझी ग्रॅमी दुपारचीच. आत जायचा प्रश्न नाही, तिथल्या खुर्च्या मुख्यतः ग्रॅमी देणाऱ्या अकॅडमीचे सदस्य आणि नामांकन मिळालेल्यांसाठी. पण सगळा सोहळा यूट्यूबवर फुकट दिसतो. शिवाय त्या दिवशी डाउनटाउनकडे फिरकण्यात शहाणपणही नाही. एरवी लेकर्सचे बास्केटबॉलचे सामने होतात त्या क्रिप्टो डॉट कॉम अरीनाच्या आसपासचे रस्ते बंद असतात आणि फिगरोआ स्ट्रीटवर काळ्या काचांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. २०२४ ची ग्रॅमी तर ४ फेब्रुवारीला भर पावसात झाली. त्या एका रविवारी डाउनटाउनमध्ये चार इंचांहून जास्त पाऊस पडला. मुंबईच्या जुलैतला साधा मंगळवार. पण इथे टेकड्यांवरची माती घसरली, आणीबाणी जाहीर झाली आणि बातम्यांत दिवसभर ‘घराबाहेर पडू नका’. मी तर घरातच होते, चहा आणि लॅपटॉप घेऊन.

दुपारच्या ग्रॅमीला नखरा नसतो. कोणीतरी येतं, पाच नावं वाचतं, पाकीट फोडतं. विजेता हजर असेल तर धावत स्टेजवर, थोडक्यात भाषण, पुढचा विभाग. नसेल तर ‘आम्ही त्यांच्या वतीने स्वीकारतो’ आणि तरीही पुढचा विभाग. त्या वेगात एक मजा आहे. मेटल, गॉस्पेल, ऑपेरा, ऑडिओबुक, अल्बमच्या कव्हरची मांडणी, सगळं एकाच माळेत. पांढरे सूट घातलेल्या बॉयजिनियस या बँडच्या तिघी आनंदाने किंचाळत स्टेजवर गेल्या. किलर माइकने रॅपची तीन पारितोषिकं पाठोपाठ घेतली आणि संध्याकाळ व्हायच्या आत, सुरक्षारक्षकांशी झालेल्या झटापटीवरून, पोलिसांनी त्याला बेड्या घालून तिथून नेलंही. प्रादेशिक पारंपरिक संगीताच्या विभागात बरोबरी झाली आणि दोन्ही विजेते निघाले लुइझियानाचे, एक झायडेको वाजवणारा आणि दुसरा केजन, ही दोन्ही तिथलीच लोकसंगीतं.

हा शेवटचा विभाग मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्या मागे एक भांडण आहे. २०११ मध्ये ग्रॅमीच्या विभागांची संख्या १०९ वरून ७८ वर आणली गेली. हवाईचं संगीत, मूळ अमेरिकनांचं संगीत, केजन आणि झायडेको या सगळ्यांचे स्वतंत्र कप्पे काढून त्यांना एकाच कप्प्यात कोंबलं. तेव्हा बराच आरडाओरडा झाला. पोल्का या मूळच्या युरोपीय नाचाच्या संगीताचा कप्पा तर त्याआधीच, २००९ मध्ये बंद झाला होता. तिथे जिमी स्टर नावाच्या एकाच माणसाने १८ वेळा ग्रॅमी जिंकली होती. आता २४ वर्षांत एकाला १८ मिळत असतील तर कप्पा ठेवायचा तरी कशाला, असं कोणाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण पोल्का वाजवणाऱ्यांना काय वाटलं असेल तेही समजू शकतं.

कप्प्यांचं हे प्रकरण मला आमच्या शेजाऱ्याने शिकवलं. तो रेकॉर्डिंग इंजिनिअर आणि अकॅडमीचा मतदार. या शहरात असे लोक सहज भेटतात, कुत्रा फिरवताना. मत कसं देतोस, असं विचारलं तर म्हणाला, मोठी सहा पारितोषिकं सगळ्यांसाठी खुली. ती सोडून जास्तीत जास्त दहा विभाग, तेही तीन क्षेत्रांतलेच. ‘मेटलमधलं मला काही कळत नाही, मग मी तिथे मत देतच नाही.’ म्हणजे प्रत्येक कप्प्याला त्यातलं कळणाऱ्यांनीच हात लावावा, अशी अपेक्षा. किती जण पाळतात, देव जाणे. त्याच्याकडून हेही कळलं की स्टेजवर हातात देतात ती ग्रामोफोनच्या आकाराची ट्रॉफी फक्त दाखवायची असते. खरीवर नाव कोरून मग ती पाठवतात आणि ती कोलोरॅडोतल्या रिजवे नावाच्या छोट्या गावात हाताने बनते. डोंबिवलीची मावशी दरवर्षी विचारते, ‘अगं, सोन्याची असते का? आणि पैसे किती मिळतात?’ मावशी, सोन्याचा फक्त मुलामा, आत जस्ताचा मिश्रधातू. पैसे शून्य.

त्या पावसाळी दुपारी मावशीचा फोन मात्र वेगळ्या कारणाने आला. तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ‘झाकीरभाईंना मिळालं का गं?’

मिळालं, तेही तीन. ‘धिस मोमेंट’साठी झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या बँडला सर्वोत्कृष्ट ग्लोबल म्युझिक अल्बम. बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाईंचा तबला, या चौघांच्या ‘पश्तो’ला ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स. आणि त्याच चौघांच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ला समकालीन वाद्यसंगीताचा अल्बम. ‘पश्तो’ ज्या विभागात जिंकलं त्यात भरडधान्यांवरचं एक गाणंही होतं, ज्यात आपल्या पंतप्रधानांचा आवाज आहे. ज्वारी-बाजरी हरली, तबला जिंकला.

‘शक्ती’ हा गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन आणि झाकीरभाईंनी सत्तरच्या दशकात उभा केलेला बँड. तेव्हा घटम वाजवायचे विक्कू विनायकराम, आता तालवाद्यांवर त्यांचा मुलगा सेल्वगणेश. व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. आणि गायला आपले चेंबूरचे शंकर महादेवन, ‘कट्यार’मधले पंडित भानुशंकर. स्टेजवर त्यांनी पारितोषिक पत्नीला अर्पण केलं तेव्हा मावशी फोनवर ‘बघ, शिका काहीतरी’ म्हणाली. ते माझ्या नवऱ्याला उद्देशून होतं. माहीमचे झाकीरभाई, चेंबूरचे महादेवन, मुंबईचेच राकेशजी. लॉस एंजेलिसच्या पावसात त्या दुपारी आपल्याच शहरातली माणसं एकामागोमाग पायऱ्या चढत होती.

आता कप्प्यांकडे परत येते, कारण झाकीरभाईंच्या घराण्याची ग्रॅमी बघितली की हे कप्पे कसे सरकत गेले ते कळतं. १९६८ मध्ये रविशंकर आणि व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळाली, ती पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या विभागात. त्या अल्बमवर तबला उस्ताद अल्लारखाँचा, म्हणजे झाकीरभाईंच्या वडिलांचा. सितार-तबल्याला बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्यांना स्ट्रिंग क्वार्टेटवाल्यांच्या पंगतीत बसवलं. १९९२ मध्ये वर्ल्ड म्युझिकचा विभाग सुरू झाला. त्याची पहिली ग्रॅमी अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला, ज्यात झाकीरभाई वाजवतात. पुढे त्या कप्प्याचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग झाले. समकालीनमध्ये २००९ साली झाकीरभाईंना पहिली ग्रॅमी स्वतःच्या नावावर मिळाली. मग ते दोन भाग पुन्हा एक झाले. २०२० च्या शेवटी ‘वर्ल्ड’ शब्दाला वसाहतवादाचा वास येतो म्हणून विभागाचं नाव ‘ग्लोबल’ झालं. पाटी बदलली, दुकान तेच, असं मी तरी म्हणेन. कारण अमेरिका-युरोप सोडून उरलेलं जग अजूनही त्याच दुकानात आहे.

म्हणूनच तिन्हीपैकी ‘अ‍ॅज वी स्पीक’ची ग्रॅमी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यावर ग्लोबलची पाटी नाही. बँजोला कोणी ‘जागतिक’ म्हणत नाही, तसं त्या अल्बमपुरतं तबल्यालाही म्हटलं गेलं नाही. चार माणसं वाजवतात, बास.

संध्याकाळचंही थोडं सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई फारच शिष्ट. जोनी मिचेल ८० व्या वर्षी ग्रॅमीच्या मंचावर पहिल्यांदा गायल्या. खुर्चीत बसून, हातात काठी. ट्रेसी चॅपमन कित्येक वर्षांनी गिटार घेऊन उभ्या राहिल्या आणि ल्यूक कोम्ब्स हा कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचा गायक त्यांच्याकडे भक्तासारखा बघत गात होता. टेलर स्विफ्टने ‘मिडनाइट्स’साठी अल्बम ऑफ द इयर चौथ्यांदा घेऊन सिनात्रा, पॉल सायमन आणि स्टीव्ही वंडर यांना मागे टाकलं. आणि रॅपर जे-झीने माइकवर सगळ्यांसमोर विचारलं की सर्वांत जास्त ग्रॅमी असलेल्या माझ्या बायकोला, म्हणजे बियॉन्सेला, हेच पारितोषिक एकदाही का मिळत नाही?

पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी २०२५ ला, बियॉन्सेला ते मिळालं. ‘काउबॉय कार्टर’ला. त्याआधी त्याच अल्बमला कंट्रीचंही मिळालं होतं आणि ते जाहीर केलं खुद्द टेलर स्विफ्टने. त्या वेळचा बियॉन्सेचा अवाक् चेहरा तुम्ही पाहिलाच असेल. कंट्री अल्बमची ग्रॅमी याआधी एकाही कृष्णवर्णीय कलाकाराला मिळाली नव्हती. तो कप्पा कोणाचा, यावरून इथे अजून वाद चालतात. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत आणला, हे लक्षात घेतलं तर त्या वादाला फारसा अर्थ उरत नाही.

त्याच दिवशी, अर्थातच दुपारी, मूळच्या चेन्नईच्या चंद्रिका टंडन यांना ‘त्रिवेणी’साठी ग्रॅमी मिळाली. वैदिक मंत्र, बासरी आणि चेलो. विभागाचं नाव ‘न्यू एज, अँबियंट किंवा चँट’. वेदमंत्र आणि ‘नवं युग’! हसावं की कौतुक करावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

आणि संध्याकाळी, वर्षभरात गेलेल्या कलावंतांना श्रद्धांजली वाहताना, झाकीरभाईंचं नाव पडद्यावर आलंच नाही. १५ डिसेंबरला ते सॅन फ्रान्सिस्कोत गेले होते, याच राज्यात. मावशीचा फोन आला. ‘अगं, गेल्याच वर्षी तीन दिल्या ना त्यांना?’ हो मावशी. पण दुपारी दिल्या होत्या. टीव्हीचा कार्यक्रम रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळ असते आणि त्या संध्याकाळी झाकीरभाई कधी नव्हतेच. मला हे अक्षम्य वाटतं. वेळ अपुरा पडतो वगैरे कारणं ऐकायला मी तयार नाही, एका नावाला तीन सेकंद लागतात.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते, दुपारचा सोहळा भारतात बसून बघता येतो. गेल्या काही वर्षांची वेळ इथली दुपारी साडेबारा, म्हणजे तुमच्याकडे रविवार संपून रात्रीचे दोन. टीव्हीवरची ग्रॅमी सकाळी साडेसहाला सुरू होते. एवढं जागणं जमणार नसेल तर ग्रॅमीच्या संकेतस्थळावर विजेत्यांची यादी असते. ती खालून वर वाचत या आणि नाव ओळखीचं नसेल तिथे थांबून एक गाणं ऐका. लुइझियानाच्या त्या दोन बँडपासून सुरुवात करा. लॉस्ट बायू रॅम्बलर्स हे केजन फ्रेंचमध्ये गातात, बरोबर अख्खा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आहे, आणि आवाज मोठा ठेवा.