भरती नाही, जखम नाही, तरीही

लीड्समध्ये पालकत्वावरच्या एका अभ्यासात मी समन्वयक होते. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना घरातल्या स्मार्ट स्पीकरवरून मदत करायची, असा तो अभ्यास: मूल हट्टाला पेटलं तर काय करावं, नेमक्या शब्दांत शाबासकी कशी द्यावी, झोपायची वेळ कशी पाळावी. प्रतिकूल घटनांच्या, म्हणजे अभ्यासादरम्यान सहभागींना झालेल्या त्रासाच्या, नोंदी माझ्याकडे होत्या. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

त्या दिवशी सकाळी पहिला निरोप आला. क्रूपच्या खोकल्यामुळे एका मुलाला रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. मृत्यू, जिवाला धोका, हॉस्पिटलात भरती, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग, यांपैकी काही झालं की घटना ‘गंभीर’ ठरते. म्हणजे ही गंभीर. पण खोकल्याचा आमच्या कार्यक्रमाशी संबंध नव्हता. मुख्य संशोधकांनी तसं लिहून सही केली, कागद फाइलला लागला.

दुपारी एका आईचा फोन आला. मुलीला घेऊन ती बागेत आली होती आणि मैत्रिणीच्या मोबाइलवरून बोलत होती. आमच्या कार्यक्रमात आई आठवड्यातून एकदा मनातलं सांगायची आणि पुढच्या वेळी स्पीकर तोच धागा पकडून विचारपूस करायचा. आदल्या संध्याकाळी तिनं भातासाठी टायमर लावायला सांगितलं. टायमर लावून स्पीकर पुढे म्हणाला, “मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, बाबा घरी आले की मुलगी गप्प होते. आता कसं आहे?”

नवरा टेबलाशीच बसला होता.

त्यानं हात उगारला नव्हता. तिचा फोन काढून घेतला, सगळे मेसेज वाचले, रात्री उशिरापर्यंत उलटतपासणी केली. चार वर्षांची मुलगी जिन्यात बसून सगळं ऐकत होती. मी विचारलं, “स्पीकर आत्ता बंद करू का?” ती घाईघाईनं म्हणाली, “नको, नको. एकदम गप्प झाला तर नवरा विचारेल का ते.” मग आम्ही आमच्या बाजूनं फक्त विचारपूस काढून टाकली, गाणी, गोष्टी, टायमर तसेच ठेवले. आमच्या सेफगार्डिंगच्या, म्हणजे सहभागींना छळापासून जपण्याच्या कामाच्या, प्रमुख तिच्याशी मैत्रिणीच्याच फोनवर बोलल्या आणि पुन्हा कधी, कुठे बोलायचं ते तिच्याकडून ठरवून घेतलं.

मग फॉर्म उघडला. एक सहकारी म्हणाला, “भरती नाही, जखम नाही. साधी नोंद पुरे.” मला ते मुळीच पटलं नाही. अशी जाचक हुकमत इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्यानं गुन्हा ठरली आहे, आणि घरातला छळ पाहणारं किंवा ऐकणारं मूलही 2021 च्या कायद्यानुसार पीडितच असतं. फॉर्मवर शेवटचा एक पर्याय असतो: संशोधकाच्या मते वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची घटना. मुख्य संशोधकांशी बोलून आम्ही त्यावर खूण केली. सकाळची घटना गंभीर, पण आमच्यामुळे घडलेली नव्हती. ही थेट आमच्या प्रश्नामुळे घडली होती आणि अपेक्षित घटनांच्या यादीत नव्हती. अशी घटना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला 15 दिवसांत कळवावी लागते. आम्ही त्याच संध्याकाळी कळवली.

औषधाच्या गोळीचा त्रास ती घेणाऱ्याला होतो. स्पीकर मात्र खोलीत बोलतो, आणि खोलीत कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं. आमच्या आराखड्यात रेकॉर्डिंग कुठे साठवणार, कोण ऐकणार यावर पानंच्या पानं होती. टेबलाशी बसलेल्या माणसाबद्दल एक ओळही नव्हती.

सगळ्याच घरांतली विचारपूस आम्ही त्या दिवशी थांबवली. सहभागींच्या सुरक्षेसाठी असं पाऊल परवानगीची वाट न पाहता उचलता येतं, मात्र कमिटीला 3 दिवसांत सांगावं लागतं. कमिटीनं उलट विचारलं: आणखी कोणत्या घरात असं घडलं? मग आम्ही प्रत्येक आईला फोन केला. आधी एवढंच विचारायचो, “आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का? नुसतं हो किंवा नाही म्हणा.” काही जणी ‘नाही’ म्हणाल्या. त्यांना कधी फोन करायचा, ते त्यांनीच ठरवलं.