पाचवा उद्गार

मंगळवार, रात्री साडेअकरा

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार आमच्या चर्चमध्ये वाटून देतात, एकेकानं एकेकावर बोलायचं. माझी चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. ‘उत्तम शुक्रवार. उद्गार ५. मला तहान लागली आहे. वेळ ५ मिनिटं.’ झावळ्यांच्या रविवारी भक्ती सुटल्यावर सेक्रेटरींनी हातात टेकवली आणि वर म्हणाले, “ताई, तुमचा एकदम सोपा आहे.”

सोपा! तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पहिला उद्गार, क्षमेचा, दादांना. तो दरवर्षी त्यांचाच. दुसरा, सुखलोकाचा, नव्या जावईबापूंना, ज्यांना मंडळीत येऊन धड वर्ष झालेलं नाही. चौथा पाळकसाहेब स्वतः घेतात, ते रास्तच आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ पेलणं आमच्यासारख्यांचं काम नाही. मग उरलंसुरलं माझ्या ताटात. संडेस्कूल मी बघायचं, सणाला चहाची पातेली मी विसळायची, आणि बोलायची वेळ आली की सगळ्यात छोटं वाक्य. रडगाणं आहे, कळतंय. पण इथे नाही गायचं तर कुठे?

आज दुपारी मंडईतून चालत निघाले. बाटली रिकामी, ऊन डोक्यावर. पंचहौदाच्या अलीकडे रसवंती लागली. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, चोथ्यावर माशा, बर्फाचं फडकं ओलं गच्च. दुःखसहनाच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मी गोड सोडलेलं, त्यामुळे रस नको. पाणी हवं होतं. काउंटरवर स्टीलचा जग भरलेला होता, बाहेरून घाम फुटलेला. पण रस न घेता नुसतं पाणी मागायचं कसं? माणूस काही नाही म्हणाला नसता. तरी नाही मागितलं. घसा कोरडा घेऊन घरी आले, आणि दोन ग्लास पाणी उभ्यानंच प्यायले.

मग शास्त्र उघडून बसले. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी हा उद्गार फक्त योहानानं लिहिलाय, बाकी तिघांनी नाही. मार्क वेगळंच सांगतो: खिळे मारायच्या आधी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, वेदना बोथट व्हाव्यात म्हणून देत असावेत, आणि तो त्यानं घेतला नाही. न मागता मिळालेलं नाकारलं. आणि शेवटी, फटके खाऊन, रक्त वाहून, तासन्‌तास उन्हात टांगलेला असताना स्वतःहून मागितलं. कोणाकडे? ज्यांनी टांगलं त्यांच्याचकडे, द्यायला दुसरं होतं कोण? मिळाली ती शिपायांची आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर स्पंजात भिजवून. ती मात्र घेतली.

स्पंज वाचला आणि बाबांच्या वेळचा कापसाचा बोळा आठवला. नर्सनं हातात दिला होता, ओठांवरून फिरवा म्हणून. ते आत्ता नको.

पाणी मागायची ही त्याची पहिली वेळ नव्हे. त्याच योहानात, चौथ्या अध्यायात, भर दुपारी विहिरीवर बसून शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित. तुम्ही यहुदी, आमच्या हातचं कसं? कोणाच्या हातचं पाणी, हा प्रश्न आमच्या पेठांनाही नवा नाही. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो गंज पेठेत. आणि १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, ते रसवंतीपासून हाकेच्या अंतरावर. असो. मला अडकवतंय ते वेगळंच. ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळाली. त्याला पाणी मिळालं की नाही, हे योहान लिहीतच नाही! इतकी वर्षं संडेस्कूलला ही गोष्ट सांगतेय, एकाही पोरानं विचारलं नाही. मीही नाही.

म्हणजे दोनदा मागितलं. एकदा बहुधा राहूनच गेलं, एकदा आंब मिळाली. तरी मागितलं. मला साधा जग मागवेना. आणि क्षमेचा उद्गार मला हवाय, हेही मी कमिटीला कधी सांगितलेलं नाही. कोणीतरी आपणहून ओळखावं, म्हणून दर वर्षी तिसऱ्या बाकावर वाट बघत बसायचं. आमच्या घरात मागणाऱ्या बाईला हावरी म्हणायचे. आजी तर... जाऊ दे.

हसूही येतंय. बारा ते तीनची भक्ती, बरेचसे उपाशी, काही निर्जळी, पंखे आमच्या चर्चचे म्हणजे नुसते फिरतात. माझी पाळी येईपर्यंत दोन वाजलेले असणार. तहानेवर बोलायला याहून तयार मंडळी कुठे मिळायची? जावईबापूंना सुखलोक समजावताना जास्त कष्ट पडतील.

मघाशी साडेनऊला पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, पाच मिनिटांत माझं होणार नाही, दहा द्या. ते जरा थांबले, मग म्हणाले, “सात देतो.” घेतली. घासाघीस केली असती तर आठ मिळाली असती.